दीड तासात नागपूर

जोतीराम चौगुल्यांनी एकतीस वर्षं एसटी चालवली, त्यातली शेवटची नऊ नागपूरच्या रस्त्यावर. निवृत्त झाल्यावरही राजारामपुरीतल्या त्यांच्या गल्लीत कुणी कुठं निघालं, की आधी त्यांना विचारायचं. "गारगोटी? सव्वा तास. पन आज बाजार हाय, दीड धरा." आणि दीडच लागायचा.

अशा माणसाला नागपुरात दिलेल्या लेकीनं, अनुजानं, फोनवर सांगितलं, "आबा, विमानाची तिकिटं काढलीत. दीड तासात पोचाल."

"दीड तासात मानूस कराडला पोचतंय. नागपूरला सतरा तास लागत्यात," असं म्हणून जोतीरामांनी फोन ठेवून दिला. त्यांच्या बायकोनं, तानाबाईंनी, नवऱ्याचे सतरा तास खरे धरले आणि दोन वेळच्या भाकऱ्या थापून बांधून घेतल्या.

उजळाईवाडीच्या विमानतळावरून विमान उडालं. खाली ढगांशिवाय काही दिसेना. एक मैलाचा दगड नाही, एक फाटा नाही. विमानातल्या मुलीला जोतीरामांनी दोनदा अडवलं, "बाई, आता कुठं आलो?"

"हवेत, काका."

तानाबाईंनी भाकरीवर ठेचा घेतला, चार घास खाल्ले, तोवर पट्टे बांधायला सांगितलं आणि चाकं टेकलीसुद्धा. माणसं उठून पिशव्या काढू लागली. जोतीराम जागचे हलले नाहीत.

"काका, नागपूर आलं."

"हे नागपूर न्हाय. सोलापूर असंल. मी उतरनार न्हाय."

विमान रिकामं झालं. मुलीनं खिडकीतून इमारतीवरची पाटी दाखवली. "पाटी काय, कुनीबी लावतंय," जोतीराम म्हणाले. शेवटी पुढचं दार उघडून पायलट आली. पस्तिशीची बाई होती. तिला बघून जोतीराम ताडकन उभे राहिले.

"गाडी तुमी आनली?"

"हो, काका."

"मी ह्या रस्त्याला नऊ वरसं ड्रायवर होतो. आठशे किलोमीटर हाय की वो!"

"रस्त्यानं. वरून सरळ आलं की सातशेच्या आसपास. शिवाय मधे म्हशी आडव्या येत नाहीत."

"आनि घाट?"

"नाही."

"मंजी तुमी नुसतं सरळ धरून बसताय व्हय?" त्यांच्या आवाजात थोडी कीव होती.

ती खळखळून हसली. "जवळपास तसंच."

"पन टेकवली झ्याक," जोतीराम म्हणाले, तिच्याशी हात मिळवला आणि उतरले.

सगळे प्रवासी गेले तरी आईबाप दिसेनात, म्हणून बाहेर अनुजा रडकुंडीला आली होती. तानाबाईंनी तिला मिठी मारली, तोंडावरून हात फिरवला आणि डोळे पुसत नवऱ्याकडं वळल्या.

"एवढीच लांब हाय व्हय माझी पोर? आनि तीन वरसं मला सांगताय, लई लांब हाय, लई लांब हाय!"

जोतीराम पिशवी या हातातून त्या हातात घेत राहिले. मग तानाबाई पुढं गेल्याचं बघून त्यांनी लेकीला हळूच विचारलं, "दिवाळीला ह्ये इमान असतंय न्हवं?"