थोरल्या दिरासमोर

रिटायर झाल्यावर स्वस्थ बसणं मला जमेना. जुळे सोलापुरात आमच्या सोसायटीमागे एक मोठी इमारत उभी राहत होती. तिथं ओडिशातून आलेली कामगार कुटुंबं पत्र्याच्या खोल्यांत राहायची. त्यांची आधार कार्डं, पोरांचे शाळाप्रवेश, दवाखाना, सगळं मी अंगावर घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. मास्तरकीची खोड, दुसरं काय.

त्यातली एक पोरगी पाच महिन्यांची गरोदर होती. तिला फक्त ओडिया यायचं. नवरा कामावरून सुटत नव्हता. त्याचा थोरला भाऊ मात्र बरीच वर्षं इथं राहिल्यानं मराठी बोलायचा. आयता दुभाषी मिळाला म्हणून मी खूश. दोघांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबाईंनी विचारलं, पोटात दुखतं का, अंगावरून काही जातं का. दीर खाली बघत तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटला. तिनं पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि नुसती मान हलवली. लाजत असेल, असं मला वाटलं. मागे रांग लागली होती. शेवटी मीच सांगून टाकलं, "काही त्रास नाही तिला." गोळ्या घेऊन आम्ही परत आलो.

चौथ्या दिवशी तिचा गर्भ पडला.

तिथल्या वॉचमनची बायको दुधनीकडची. ती शेजारच्याच खोलीत राहायची. तिनं मला सरळ झापलं. "थोरल्या दिरापुडं ती त्वांड उगडत न्हाय बाई. त्येंच्यात तसंच असतंय. डाग पडतोय म्हनून मला खुणंनं दाकवलं हुतं की. मी म्हनलं, बाई नेत्यात दवाखान्यात, तितं सांगंल."

मला आधी त्या वॉचमनच्या बायकोचाच राग आला. मग लाज वाटली. वर्षभर मी त्या खोल्यांमधून मिरवत होते, पण तिथली बाई कुणापुढे बोलते आणि कुणापुढे नाही, हे एकदाही विचारलं नव्हतं. त्या दिवशी दिराला फक्त दाराबाहेर थांबवायचं होतं. बाकी तिनं मला खुणेनं दाखवलं असतं.

माफी मागायला गेले, तर दीर दाराशीच होता. "मी सांगतो तिला," म्हणाला. मी त्याला जायला सांगितलं. तो गेल्यावर तिनं पदर मागे सारला. तिचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मग माझा हात धरून ती बोलत राहिली, कितीतरी वेळ, न थांबता. मला त्यातला एक शब्द कळला नाही.