सदतीस नंबरची नळी

डासताई,

तू हे वाचणार नाहीस. तुला जाऊन दोन वर्षं होतील, आणि मेलेल्या माणसांना टपाल पोचतं यावर माझा विश्वास नाही. पण प्रयोगशाळेतल्या मुलींनी तुझ्याबद्दल लिहून द्या म्हणून गळ घातली. 'त्या अतिशय मनमिळाऊ होत्या' अशी सुरुवात करून मी चार कागद फाडले. तू कसली मनमिळाऊ? तू तोंडाळ होतीस. मग म्हटलं, तुझ्याशी तोंडावरच बोलावं, बाकीच्यांनी बाजूला बसून ऐकावं.

ऐकणाऱ्यांना एवढं सांगते की रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत, तळमजल्यावर, तीस वर्षं ही बाई लोकांचं रक्त काढायची. सुई आत गेल्याचं कळायचं नाही, बाहेर आल्यावरच कळायचं, म्हणून कुणीतरी तिला डास म्हटलं. 'ताई' पुढे घाबरणाऱ्यांनी जोडलं. दारात उभं राहून ती हाक द्यायची, "उपाशी आलात ना? खरं सांगा. रक्त मला सांगणारच आहे."

शीर शोधताना ती हाताकडे बघायचीच नाही. खिडकीबाहेरच्या सायकलींकडे बघत डाव्या हाताचं बोट कोपराच्या खळग्यात फिरवायची. "शीर डोळ्यांपासून लपून बसते, बाई. बोटाला सापडते." मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं, म्हणून मी तिची 'बाई'. आणि तिचा एक नेम सगळ्यांना ठाऊक होता: एका खेपेला एका माणसाला दोनदा टोचायचं नाही. "ज्या दिवशी दुसऱ्यांदा टोचावं लागेल, त्या दिवशी सुई ठेवली," असं ती येता-जाता म्हणायची. तीस वर्षांत ती वेळ आली नव्हती.

आमची ओळख झाली ती ह्यांच्या पार्किन्सन्समुळे. हे नकाशे काढणारे, अक्षर मोत्यासारखं. आधी अक्षर बारीक झालं, मग चालताना डावा हात लोंबायला लागला, मग थरथर. मेंदूच्या डॉक्टरांनी विचारलं, आमच्या अभ्यासात याल का? या आजारात मेंदूत सूज असते असं म्हणतात, तिच्या खुणा रक्तातही सापडतात का ते बघायचं होतं. सूज असली की रक्तात वाढणारा सीआरपी आणि आणखी दोन-तीन जड नावांचे पदार्थ मोजायचे. चाळीस आजारी, चाळीस निरोगी, दीड वर्षात तीनदा रक्त. हे म्हणाले, "हिलाही घ्या. हिला काही होत नाही." म्हणून मी निरोग्यांत.

सोबत एक फॉर्म होता. सांधे दुखतात का, दात-हिरड्यांचा त्रास आहे का, अलीकडे ताप आला होता का. मला रांगा आणि फॉर्म यांचा मनस्वी कंटाळा. मी वरपासून खालपर्यंत 'नाही, नाही, नाही' लिहून मोकळी झाले.

आजारी माणसं चिक्कार मिळाली, निरोगी मिळेनात. एकोणचाळीसवर गाडं अडलं. चाळिसावा म्हणून ठरलेला एक वाहनचालक ऐनवेळी आलाच नाही, आणि नमुने गोठवण्याची वेळ टळत होती. डॉक्टर येरझाऱ्या घालायला लागले तेव्हा तू म्हणालीस, "फेऱ्या कसल्या मारताय? माझं घ्या. तीस वर्षं दुसऱ्यांचं काढतेय, एकदा माझं." दंडाचा पट्टा दातांनी आवळलास आणि स्वतःच्या हाताने स्वतःचं रक्त काढलंस. न आलेल्या चालकाला नावनोंदणीच्या वेळी दिलेला नंबर तुला मिळाला, सदतीस. मी शेजारच्या खुर्चीत कापूस दाबून बसले होते. आगाऊपणा वाटला मला, पण नळी भरली एका झटक्यात.

तिसऱ्या खेपेला मी तुझ्या टेबलाशी बसले होते. नळ्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या तू हाताने लिहायचीस. तीस वर्षं उत्तरपत्रिका तपासल्यामुळे अक्षर दिसलं की माझी नजर तिकडे जाते. तारखेचा पहिला आकडा ठसठशीत, दुसरा त्याहून लहान, शेवटचे दोन मुंगीएवढे. पहिल्या खेपेच्या चिठ्ठ्या अशा नव्हत्या. मग तू फ्रीजकडे चालत गेलीस, तर उजवा हात हलत होता आणि डावा कडेला लटकत होता.

मला आडून बोलता येत नाही. मी म्हटलं, "तुझं अक्षर ह्यांच्यासारखं झालंय. मेंदूच्या डॉक्टरांना दाखव."

"चिठ्ठी लहान आहे म्हणून अक्षर लहान."

"चिठ्ठी तीच आहे. आणि हात का लोंबतोय?"

"बाई, तुमच्या घरात तो आजार आहे म्हणून तुम्हाला रस्त्यावरचे सगळेच आजारी दिसतात."

"वास येतो का तुला? या आजारात नाक आधी जातं."

स्पिरिटचा वास येईनासा झाल्याचं तू दोन वर्षं सर्दीवर ढकलत होतीस, हे नंतर कळलं. त्या दिवशी मात्र माझ्या हातावर पट्टी इतकी करकचून बांधलीस की निळा डाग पडला. तुझ्याकडून मिळालेला तो एकच.

तीन महिने तू माझ्याशी बोलली नाहीस. ह्यांना गोळ्यांच्या वेळा विचारायचीस, मला काही सांगायचं असलं तर भिंतीशी बोलायचीस. मग एका दुपारी आमच्या दारात उभी. चपलाही न काढता म्हणालीस, "आहे. तोच. झालं समाधान?"

"नाही. आत ये."

ह्यांनी स्वतःची खुर्ची तुला दिली. तू डावा हात मांडीवर ठेवलास तर तो थरथरायला लागला, कप उचललास तर थांबला. हे खूश झाले. "बघ, रिकामा बसला की नाचतो, कामाला लावला की गप्प. आमच्या घरातल्या लोकांच्या अगदी उलट." तू हसलीस, आणि मग बराच वेळ नाक पुसत बसलीस.

दुखणं तुला नुसत्या आजाराचं नव्हतं. एक तर सुई सुटेल. दुसरं म्हणजे सदतीस नंबर. आजारी बाईचं रक्त निरोग्यांच्या डब्यात बसलं होतं आणि डॉक्टर हिशेब मांडायला बसणार होते. सांगितलं तर प्रयोगशाळेत सगळ्यांना कळणार, आणि थरथरत्या हातापुढे आपला हात कोण धरेल? नाही सांगितलं तर तीस वर्षं ज्या नळ्यांशी प्रामाणिक राहिलीस त्यांच्याशीच खोटं.

"तुम्ही काय केलं असतं, बाई?"

"मी सांगितलं असतं. पण मला गमावण्यासारखं काही नाही, तेव्हा माझं ऐकू नकोस."

तू दुसऱ्याच दिवशी सांगितलंस. डॉक्टरांनी आधी कपाळाला हात लावला, मग तुला खुर्ची दिली. प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी एवढंच विचारलं, "काम करताना हात थरथरतो?" नाही, म्हणालीस. "मग चालू दे. नाही जमलं तर तुम्हीच सांगाल." तुझा नेम त्यांनाही ठाऊक होता.

सदतीस नंबर बाजूला ठेवून हिशेब लागला. आजाऱ्यांची सरासरी थोडी वर आली. लोक येऊन विचारायचे, माझा आकडा किती, म्हणजे आजार किती वाढला? तू प्रत्येकाला खडसवायचीस, "आकडा एकट्याचा नसतो. चाळीस जण मिळून काहीतरी सांगतात, एकट्याचं रक्त काही सांगत नाही. घरी जा, जेवा." आणि मग एक दिवस तू स्वतःच डॉक्टरांकडे जाऊन म्हणालीस, "सदतीसचा किती?"

ह्यांचा सीआरपी चार. तुझा दीड. माझा, म्हणजे घरातल्या ठणठणीत बाईचा, नऊ, आणि तोही तिन्ही वेळा.

तू माझ्या घरी येऊन पोट धरून हसलीस. "आजारी मी आणि सुजलेल्या तुम्ही. तोंड उघडा." मी उघडलं. उजवीकडची मागची दाढ चार वर्षं ठणकत होती, हिरडीला गळू होतं. मी त्या बाजूने चावणं सोडून दिलं होतं आणि विषयही.

"फॉर्मवर काय लिहिलंत?"

"नाही."

"गणिताच्या बाई ना तुम्ही? निरोगी म्हणून चाळीस मोजले, त्यात दोघी खोट्या. डॉक्टरांना सांगितलंत तर ते राजीनामा देतील." मला सांगावंच लागलं. राजीनामा दिला नाही, पण माझ्याकडे बघितलं मात्र तसंच.

मग तू हुकूम सोडलास. दाढ काढायची, महिनाभर थांबायचं, आणि नंतर रक्त तूच काढणार. "नऊचे किती होतात ते मला बघायचंय. ही नळी कुठल्याही अभ्यासाची नाही, आपल्या दोघींची."

मी हो म्हटलं. आणि मग नातीची परीक्षा, ह्यांचं पडणं, पाहुणे, माझा रक्तदाब, अशी कारणं काढत गेले. दाढेला मी भीत नव्हते. एकदा ह्यांची गोळी आणायला आले होते तेव्हा दारातून तुला बघितलं होतं. एका लठ्ठ माणसाच्या हातावर तुझं बोट फिरत होतं, खिडकीबाहेरच्या सायकली बघून संपल्या तरी फिरत होतं. शेवटी सापडली, एकदाच टोचलंस, नळी भरली. पण माझ्या शिरा म्हातारपणी दोऱ्यासारख्या झाल्या आहेत. त्या लठ्ठ माणसापेक्षाही वाईट.

तू काही दूधखुळी नव्हतीस. शेवटच्या भेटीत म्हणालीस, "बाई, तुम्ही दाताच्या डॉक्टरला घाबरणाऱ्या नाही. कशाला घाबरता ते कळतं मला." मी म्हटलं, "काहीतरीच काय." आयुष्यात एवढंच एक मी आडून बोलले. तू पर्समधून चिठ्ठी काढून माझ्या हातात कोंबलीस. दाताच्या डॉक्टरकडची बुधवारची वेळ तूच ठरवून आली होतीस.

त्या बुधवारच्या आधीच्या शनिवारी सकाळी, कामावर निघताना, जिन्यात तुझं हृदय थांबलं. त्या आजाराचा याच्याशी काही संबंध नव्हता, डॉक्टर म्हणाले. सुई ठेवायची वेळ तुझ्यावर आली नाही.

बुधवारी मी गेले नाही. पुढच्या बुधवारीही नाही. दाढ अजून आहे, थंड पाणी लागलं की आठवण करून देते. चिठ्ठी नळीवर चिकटवायच्या कागदाची आहे, माझ्या पाकिटाला आतून चिकटलेली. वाचायला भिंग लागतं. 'बुधवार' त्यातल्या त्यात मोठं, 'साडेदहा' लहान, आणि खाली मुंगीच्या पावलांनी, जन्मभर सगळ्यांना उपाशी बोलावणाऱ्या बाईने लिहिलेलं: 'खाऊन जा.'