चटका कळलाच नाही

शिलाईकाकूंची उचकी काल दुपारपासून थांबेना. "कोण एवढी आठवण काढतंय?" म्हणून नवरा चिडवत होता. कपडे द्यायचे राहिले होते त्या एकेका गिऱ्हाइकाचं नाव काकूंनी घेऊन पाहिलं, आणि यादी काही लहान नव्हती! उचकी कसली थांबतेय? सकाळी गरगरायलाही लागलं, तरी बाई मशीनवर बसल्याच.

इस्त्री तापली का, हे त्या नेहमी ओल्या बोटाने बघत. या वेळी चर्र आवाज झाला, पण उजव्या हाताच्या बोटाला काही कळेना. म्हणून त्यांनी बोट पुन्हा टेकवलं, चांगलं दाबून. नवऱ्याने तो फोड पाहिला आणि त्याची पाचावर धारण बसली. त्याने तडक त्यांना दवाखान्यात नेलं.

तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मेंदूच्या देठाशी, मानेच्या जरा वर, लंबमज्जा असते. बोटाच्या पेराएवढी. श्वास, ठोके, गिळणं, खोकणं, सगळं तीच सांभाळते. तिच्या डाव्या बाजूचं रक्त अडलंय. उचकी, गरगरणं, चटका न कळणं, सगळं त्यातलंच. घसा त्याच बाजूचा अधू होतो, चटका मात्र उलट्या बाजूच्या हाताला कळत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या घेता ना?"

बरं वाटतंय म्हणून काकूंनी गोळ्या महिन्यापूर्वीच बंद केल्या होत्या. आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेतला होता, दुसरं काय!

श्वास शाबूत राहिला हे नशीब. पण पाण्याचा थेंब गिळता येईना, म्हणून नाकातून नळी घातली. ही नळी निघणार की जन्मभर राहणार, हा एकच घोर काकूंना लागला.

गिळणं शिकवायला एक बाई रोज यायच्या. "मान डावीकडे वळवा, हनुवटी खाली, आता जोर लावून गिळा. अधू बाजू मिटते, धड बाजू काम करते."

"एवढी वर्षं जेवले, कधी शिकवणी लावली नव्हती!" काकू घोगऱ्या आवाजात खेकसायच्या, पण तीन आठवडे नुसती थुंकी गिळत राहिल्या. नळीतून द्यायच्या गोळ्यांची वेळ नवऱ्याने एकदाही चुकवली नाही.

मग एका सकाळी चमचाभर पाणी, घशातून हळू उतरावं म्हणून पूड घालून दाट केलेलं. काकूंनी मान वळवली, डोळे घट्ट मिटले आणि गिळलं. खोकला आला नाही.

"आता बोला काहीतरी," बाई म्हणाल्या. "आवाज भिजलेला आला, तर पाणी वाट चुकून श्वासनलिकेकडे गेलं समजायचं."

काकूंनी डोळे उघडले. समोर नवरा घळाघळा रडत होता.

"अहो, रडता काय?" घोगरा, पण कोरडा ठणठणीत आवाज आला. "भूक लागलीय मला!"