पितळी पंपातलं पाणी

अमरावतीला कॉलेजात शिकत असताना मी एका वकीलसाहेबांच्या मोटारखान्याशेजारच्या खोलीत राहत असे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. हिवरखेडला आमचा भाजीचा मळा. मोटारीविषयी मला जे थोडंफार कळलं, ते साहेबांच्या ड्रायव्हरकडून. त्यांना मी दादा म्हणे.

मोटारीत पुढच्या बैठकीपाशी आग विझवायचा एक पितळी पंप होता. साहेबांना कपाशीच्या हंगामात अकोटला सरकी काढायच्या जिनांवर जावं लागे, आणि तिथे कापूस सहज पेट घेई, म्हणून त्यांनी तो मुंबईहून मागवला होता. आत आग विझवणारं, पाण्यासारखंच दिसणारं पण उग्र वासाचं औषध असे. दसऱ्याला मोटारीची पूजा होई, तेव्हा बाईसाहेब तो पंपही देवाच्या भांड्यांबरोबर चिंचेनं घासत.

"बाई, देवाच्या गडव्यापेक्षा हाच जास्त चमकून राहिला," एका दसऱ्याला दादा म्हणाले.

"मंग! तुमच्यापाशी तर वर्षभर काळाच असते तो."

त्या दसऱ्याला बाईसाहेबांनी आणखी एक गोष्ट केली होती, ती आम्हाला पुढे कळली. सणाला भांड्यात शिळं पाणी ठेवायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. पंपाचं झाकण फिरवून त्यांनी आतलं ते वास मारणारं पाणी ओतून दिलं आणि विहिरीचं ताजं भरलं.

दिवाळीला साहेब अकोटला निघाले, तेव्हा मलाही सोबत घेतलं. वाटेत इंजिनातून धूर येऊ लागला. दादांनी आम्हाला खाली उतरवलं, इंजिनावरचा पत्रा उचलला आणि जाळ वर आला. त्यांनी पंप मारायला सुरुवात केली. आग विझेना. पाण्याबरोबर पेटतं पेट्रोल उडून त्यांच्या हातांवर आलं, तरी त्यांनी पंप सोडला नाही.

"औषध कावून लागू नाई पडत?" ते ओरडत होते.

आम्ही दोघांनी त्यांना मागे ओढलं. शेतातल्या माणसांनी धावत येऊन माती टाकली.

दवाखान्यात त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले होते. बाईसाहेब खाटेपाशी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "दादा, पाणी मी भरलं होतं."

दादांनी डोळे मिटले. "मले स्टेरिंग धरता येईन ना, बाई?"



दादांची बोटं पुढे पुरती मिटलीच नाहीत. मोटार नवा ड्रायव्हर चालवू लागला. साहेबांनी दादांना घरीच ठेवून घेतलं. मी त्यांच्याशी बोलताना हातांकडे पाहायचं टाळत असे. ते बरोबर होतं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढच्या दसऱ्याला बाईसाहेबांनी पंप घासला नाही. तसाच काळपट पंप त्यांनी दादांपुढे धरला. दादांनी दोन्ही तळव्यांत दाबून त्याचं झाकण फिरवलं. एकदा जमलं नाही, मग जमलं. नाक जवळ नेऊन त्यांनी वास घेतला.

"हाये," ते म्हणाले. "लावा आता कुंकू."