डॉक्टरांना न सांगितलेली बहीण

जेवण उरकून यशवंतराव आरामखुर्चीत टेकतात. शेजारच्या खोलीत सून हेमांगी ओवीला मांडीवर घेऊन पेज भरवते आहे. ओवी अडीच वर्षांची, पण अजून बसत नाही. मान आत्ता कुठं धरायला लागली आहे. "गिळ गं माझी बाय, गिळ," हेमांगीचा आवाज लांब लांब जातो आणि यशवंतरावांचे डोळे मिटतात.

समोर इस्पितळाचा व्हरांडा आहे, सकाळचाच. तीच तरुण डॉक्टरीणबाई कागदावर घराण्याचा तक्ता काढते आहे. पुरुषाला चौकोन, बाईला गोल.

"आजोबा, तुमच्या भावंडांत कुणी असं होतं? उशिरा चालणारं, न बोलणारं? पुढच्या बाळाचा विचार करायचा तर हे कळायला हवं."

"छे. आमच्या घराण्यात असलं काही नाही."

सकाळी म्हणाले होते तसंच म्हणतात. सकाळसारखीच हेमांगी मान खाली घालते. म्हणजे दोष तिच्याकडचा, हे न बोलताच ठरतं.

तेवढ्यात कुणीतरी त्यांचा अंगठा मुठीत धरतं. ते खाली बघतात. मळका परकर, अर्धवट उघडं तोंड, हनुवटीवर लाळ. त्यांची ताई. ती गेली तेव्हा नऊ वर्षांची होती आणि ते सात. ती अजून नऊचीच आहे.

"यशा," ती म्हणते. तिला मोजून चार शब्द येत, त्यातला हा पहिला.

टेबलामागे आता डॉक्टरीणबाई नाहीत, गुरुजी आहेत. फरशीच्या जागी सारवलेली जमीन. पोरं ताईकडे बोट दाखवून फिदीफिदी हसताहेत.

"यशवंत, ही कोण रे?"

"आमच्या गड्याची पोर, गुरुजी."

ताईसुद्धा हसते. सगळे हसताहेत म्हणून हसते.

ते तिला ओढत बाहेर नेतात, तर बाहेर अंगण नाही, घरातली धान्याची खोली आहे. ताई आत, ते बाहेर, मध्ये दार आणि दाराला कडी. ओसरीवर आत्याला बघायला पाहुणे आले आहेत. ताईला दोन दिवसांपासून ताप आहे.

"पाणी," आतून आवाज येतो. "यशा, पाणी."

त्यांच्या हातात भरलेला तांब्या आहे. कडीपर्यंत हात पोचतो. पण दार उघडलं तर पाहुण्यांना दिसेल. ते उभेच राहतात. आवाज बारीक होत जातो.

"ताई, मी लहान होतो गं," ते दाराला कपाळ टेकून म्हणतात.

दार नसतंच. ती पुढ्यात उभी असते. टाचा उंचावून त्यांच्या पिकल्या केसांवरून हात फिरवते आणि नवल वाटल्यासारखी म्हणते, "यशा मोठा."

अंगठ्यावरची तिची मूठ घट्ट होते.

जाग येते तेव्हा उन्हं भिंतीवर आलेली असतात. उजव्या अंगठ्यावर नखांच्या चार बारीक लाल कोरी उमटलेल्या असतात. ते उठून शेजारच्या खोलीच्या दारात जातात.

"हेमांगी, मला एक बहीण होती. ओवीसारखी."

वाटीतला चमचा थांबतो.

"आणि सकाळी तुम्ही...?"

"नाही म्हणालो. लाज वाटली. तेव्हाही वाटायची."

"दीड वर्ष सगळे माझ्या माहेराला बोल लावताहेत, आप्पा. तुमच्यासमोर."

"हो. मी ऐकत होतो."

त्यांना वाटतं, आता ती रडेल, नाहीतर उठून जाईल. ती ओवीचं तोंड पदराने पुसते, फोन घेते आणि इस्पितळाचा नंबर लावते. पलीकडे घंटी वाजत असताना ती त्यांच्याकडे न बघता विचारते,

"नाव काय त्यांचं?"

त्रेसष्ट वर्षांत या घरात ते कुणी उच्चारलेलं नसतं.

"अनसूया," यशवंतराव म्हणतात. आणि हेमांगीला नीट ऐकू जावं म्हणून पुन्हा एकदा, मोठ्यानं, "अनसूया."