रुखवताच्या अभ्र्यावरचा पहिला ठसा

मैत्रिणींनो, मंडळाची वही आज माझ्याकडे आली आहे, म्हणून आज दुपारचंच लिहिते.

शेजारच्या शांताबाईंच्या लेकीचं लग्न आहे. रुखवतातल्या अभ्र्यांवर भरतकामासाठी नक्षी छापायची, म्हणून ठसा निवडायला त्यांनी मला पनवेलच्या बाजारात नेलं.

दुकानदार म्हणाला, "काकू, रबराचा घ्या. हलका आहे, रेघ बारीक उठते."

मी म्हटलं, "आम्ही नीळ घासलेटात कालवतो. चार दिवसांत रबर फुगेल. सागवानी कुयरी दाखवा."

तीच घेतली. शांताबाईंच्या घरी मी अभ्रा ताणला, ठशाला नीळ लावली, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "वहिनी, पहिला ठसा माझ्या जाऊबाईंना उठवू दे. सवाष्ण आहेत. राग नका मानू हं."

मी बाजूला सरले. ह्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. आता राग येत नाही, नुसतं दमायला होतं.

जाऊबाईंचा हात हलला आणि कुयरी दुहेरी उठली.

"अगं बाई!" शांताबाई म्हणाल्या. "वहिनी, हे तुम्हीच धुऊन काढा बघू."

काढलं. ठसा निवडायला मी चालले, डाग धुवायलाही चालले.

तुमच्या घरच्या लग्नात तुम्ही काय केलं असतं? याच्याखाली खरं खरं लिहा.