चंपामावशींचा मान

आत्मारामच्या हातात कला आहे, असं त्याच्या बायकोचं म्हणणं नाही. त्याचे हात स्वस्थ बसत नाहीत, एवढंच संजनाचं म्हणणं. मुलीचा स्केटबोर्ड मोडला तेव्हा, “विकतचा कशाला? घरी करू,” असं हा गृहस्थ बोलून बसला आणि भाईंदर पश्चिमेतल्या त्या वन-बीएचकेत सुताराचं दुकान आलं.

कृती ऐकायला सोपी. लाकडाचे पातळ पापुद्रे, मध्ये ग्लू, सगळी चवड बाकदार साच्यात घालायची आणि वर वजन ठेवून रात्रभर दाबायची. पहिल्या दोन फळ्या अनुष्का उभी राहताच खारी बिस्किटासारख्या सुटल्या. “पप्पा, ही पण सुटली तर आपण विकतचीच आणू हं,” ती समजुतीनं म्हणाली. ती समजूतच त्याला लागली.

तिसरी फळी हॉलमध्ये साच्यात घातली. त्यावर जाड लाकडी पाटी आणि पाटीवर घरातला भरलेला सिलिंडर. ग्लू अजून ओलाच होता, तेवढ्यात जवळच्या राई गावाहून चंपामावशी आल्या. त्या वर्षानुवर्षं घरी भाजी देणाऱ्या. चहा टाकला आणि गॅस संपला. संजनानं कुणाला न विचारता साच्यावरचा सिलिंडर उचलून आत नेला.

आत्माराम बाथरूममधून हात पुसत बाहेर आला. साच्यावर वजन नाही, कडेनं पापुद्रे उचलायला लागलेले. मावशी खुर्चीत बसणार, इतक्यात तो म्हणाला, “मावशी, तिथं नको. इथं बसा.” त्यानं पाटीवर घाईनं टॉवेल अंथरला.

मावशी बसल्या. वजन उत्तम होतं. त्यांनी खाली पाहिलं, टॉवेलवर हात फिरवला आणि पदर डोक्यावर घेतला.

“पाटावर बसवलास रं? ओटी भरतोस काय माझी?”

आता नाही म्हणायचं कसं? आत्मारामनं मान हलवली. चहा घेऊन आलेल्या संजनानं नवऱ्याकडे पाहिलं, टॉवेलखालून डोकावणारा साचा पाहिला, आणि हळदीकुंकू आणायला आत गेली. अनुष्काला शेजारच्या हंसाबेनचा जादा सिलिंडर आणायला पिटाळलं. हंसाबेनकडे गेलेलं माणूस लवकर परतत नाही, म्हणून ओटी जमेल तितकी सावकाश भरावी लागली. तांदूळ मुठीमुठीनं पडले. नारळ देवघरातला, ब्लाउजपीस संजनाच्या माहेरचा, तोही दोनदा बदलून. मध्येच मावशींनी गुडघा सरळ करायला घेतला.

“हलू नका मावशी,” आत्माराम म्हणाला, “मोडतं.”

“काय मोडतं?”

“मुहूर्त.”

मावशी एकदम ताठ झाल्या. सिलिंडर दारात आला तेव्हा कुठे आत्मारामनं त्यांना हाताला धरून उठवलं. अनुष्कानं घरंगळत आणलेला सिलिंडर त्यानं लगेच पाटीवर ठेवला. मावशींना ते जरा विचित्र वाटलं, पण ओटी भरलेल्या बाईनं मागं वळून चौकशी करू नये, असं त्यांचं त्यांनीच ठरवलं.

दुसऱ्या दिवशी साचा उघडला. आत्मारामनं फळी कानाशी धरून टिचकी मारली. अख्ख्या लाकडाचा आवाज आला. कडा घासून, चाकं बसवून फळी खाली कंपाऊंडमध्ये गेली. तो गॅलरीत उभा राहिला, पण पाहत होता समोरच्या टाकीकडे. अनुष्कानं उडी मारली. धप्प झालं. मग चाकांची घरघर पुढे गेली, गेटपाशी वळली आणि परत आली.

“नाही सुटली, पप्पा,” तिनं खालून सांगितलं.

“बरं,” आत्माराम म्हणाला आणि आत जाऊन संजनाकडे चहा मागितला.